ह्यांच्या फोनमधला स्पॅम

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कुणाच्या अंगात आलं तर मी तिथून उठून जाते. पण हे घडलं ते भर दुपारी, दिघीतल्या आमच्या खोलीत... तेही फोनमध्ये. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायला लाजते, म्हणून वहीत लिहून ठेवते आहे.

हे चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते. गेल्या वर्षी मशीनवरच गेले. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला पुढे जाळी असते, ती त्या दिवशी नव्हती. कंपनीतले साहेब म्हणाले, नग भराभर निघावेत म्हणून जाळी ह्यांनीच काढली. तसं पत्र ह्यांच्या मेलवर पाठवतो, तुम्ही फक्त 'मान्य' लिहून परत पाठवा.

ह्यांचा फोन मी चालू ठेवला होता. पत्र आलं ते स्पॅममध्ये, म्हणजे नको असलेल्या मेलच्या कप्प्यात. माझी मुलगी स्वाती ताथवड्याला इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, "आई, पप्पा काय ठेवायचे, काय फेकायचे ते बघून फोन शिकलाय. तू 'स्पॅम नाही' दाब, पुढच्या वेळी बरोबर जागी येईल."

दाबलं. गॅसवाल्याचा मेल एकदा दाबल्यावर सुधारला. साहेबांचं तेच पत्र मात्र दर आठवड्याला परत यायचं आणि स्पॅममध्येच पडायचं. चार वेळा दाबलं — चारही वेळा तेच.

पाचव्यांदा त्या कप्प्यात बघायला गेले, तर त्या पत्राखाली आणखी एक मेल. आधी तो तिथे नव्हता. इंग्रजी मला येत नाही, पण आत फोटो होता... प्रेस, तुटलेली जाळी आणि तिच्याकडे दाखवणारं बोट. नख काळं, शेंड्याला जुनी खाच. ते बोट मी वीस वर्षं पाहिलंय.

स्वातीने वाचून दाखवलं. जाळी बदला अशी तक्रार ह्यांनी फोटोसकट कंपनीला पाठवली होती. 'तक्रार मिळाली' असं तिकडून आपोआप आलेलं ते उत्तर होतं, खाली ह्यांची तक्रार फोटोसकट जोडलेली. तारीख अपघाताच्या दोन महिने आधीची. मग ती हळूच म्हणाली, "स्पॅममधलं महिन्याभरात आपोआप पुसलं जातं, आई. हे राहायलाच नको होतं."

त्याची प्रिंट घेऊन मी कंपनीत गेले. साहेब हसले. "ताई, इंग्रजी मेलमधलं तुम्हाला काय कळणार?"

"अक्षर नाही कळत, साहेब. हात कळतो."

माझा आवाज त्या केबिनबाहेर गेला. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते.

स्वातीने कॉलेजच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, सर्व्हरचा काहीतरी घोळ असेल. असेल. पण नेमका हाच मेल कसा राहिला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही माहीत नाही.

साहेबांचं पत्र अजून येतं. अजून स्पॅममध्येच पडतं. आता मी काही दाबत नाही. ह्यांनी शिकवलंय ते बरोबर शिकवलंय.