अक्कांच्या कॉम्प्युटरमधले आवाज

सोनगीरच्या अक्का कॉम्प्युटरचं बटण दाबलं की त्याच्याकडे पाठ करून बसत. मशीन जुनं, सुरू व्हायला बारा मिनिटं लागायची. तेवढ्यात त्या खिडकीत बसून मेथी निवडत. मी पहिल्यांदा गेलो आणि स्क्रीनकडे बघत उभा राहिलो, तर मला दटावलं, "कोनी जेवत ऱ्हायनं ते त्याना तोंडकडे दखू नही. बस आठे."

माझं धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अक्का निवृत्त प्राथमिक शिक्षिका. लग्न केलं नव्हतं. जन्मभर पोरांना प्रमाण मराठीचं शुद्धलेखन शिकवलं आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांशी फक्त अहिराणीत बोलायला लागल्या. टेलिफोनच्या माणसाशी, बँकेत, डॉक्टरकडेसुद्धा. मी दुकानाच्या सवयीनं शहरी मराठीत उत्तर दिलं की विचारत, "तुनी माय तुनासंगे कसं बोले रे?" आई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यानंतर माझ्या तोंडात अहिराणी आलीच नव्हती, हे मला त्यांनी विचारलं तेव्हा कळलं.

कॉम्प्युटर त्यांनी घेतला होता तो आवाज साठवायला. हातात मावणारा रेकॉर्डर घेऊन त्या एसटीनं गावोगाव जात आणि म्हाताऱ्या बायांना बोलतं करत. गाणी नकोत, गोष्टी नकोत, नुसतं बोलणं हवं. कुठल्या विहिरीचं पाणी खारट होतं, कुणी कुणाशी अबोला धरला होता, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला पीठ कसं मळायचं. घरी येऊन ते मशीनमध्ये भरायचं आणि वहीत एकेक शब्द उतरवायचा. असं नऊ वर्षं चाललं होतं. त्यातल्या कितीतरी बाया आता नव्हत्या.

त्या दिवशी मी रॅम वाढवायला गेलो होतो. झाकण उघडलं तर आत धुळीचा जाड थर. ब्लोअर मारला आणि जुन्या रॅमची पट्टी काढून तिचे पितळी दात पुसायला खोडरबर मागितलं. अक्कांचा चेहरा उजळला. डब्यातून पांढरं शुभ्र खोडरबर काढून दिलं आणि म्हणाल्या, "पस्तीस वरीस पोरेसले देत उनू. आज कामले उनं." ती दोन जीबीची पट्टी परत बसवून जोडीला आठ जीबीची नवी लावली. मशीन जरा हलकं चालायला लागलं, पण सुरू व्हायचा वेळ फारसा घटला नाही. मी म्हणालो, "अक्का, खरा आजार हार्ड डिस्कचा आहे. ती काढून नवी वेगवान डिस्क, एसएसडी, बसवू." त्यांनी मान हलवली. "जुनी काढशी ते मन्या बाया कोठे जातीन?" सगळं नव्यात कॉपी होतं, हे मी दोनदा समजावलं. त्यांना पटलं नाही. मीही आग्रह धरला नाही.

वर्षभरानं त्यांचा फोन आला. मशीनमधून टकटक आवाज येत होता. मी सांगितलं, "आत्ताच बंद करा. मी येईपर्यंत बटणाला हात लावू नका." नरडाण्याच्या एका कारखान्याचं काम अंगावर होतं, म्हणून मला जायला चार दिवस लागले.

गेलो तर मशीन चालू. स्पीकरमधून कुणी म्हातारी बोलत होती आणि अक्का पोळी लाटत होत्या. मी चिडलो. "बंद ठेवायला सांगितलं होतं ना? चालवलं तेवढी डिस्क मरते!" अक्कांनी लाटणं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "एक दिन ठेवं बंद. दुसरा दिन नही जमनं. घरमा दुसरं कोन बोलस, भाऊ?"

मी चार दिवस लावले होते.

नवी एसएसडी जोडून कॉपी सुरू केली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालली. त्या दिवशी पहिल्यांदा अक्का स्क्रीनकडे तोंड करून बसल्या, जेवायलाही उठल्या नाहीत. जवळजवळ सगळं आलं. सात फायली मात्र वाचताच येईनात. मी वेगळे प्रोग्राम लावून पाहिले, उपयोग झाला नाही. नावं वाचून दाखवली. सातही फायली सुमनबाईंच्या होत्या. सुमनबाई म्हणजे अक्कांच्या बरोबरीच्या शिक्षिका. नोकरीत दोघींनी एका खोलीत एकोणीस वर्षं संसार केला होता. त्या वारल्या, त्याला तीन वर्षं होत आली होती.

अक्का रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तिनी काय सांगेल शे, ते माले बठ्ठं पाठ शे. माईक लाव." सगळं पाठ आहे म्हटल्यावर मी माईक लावून दिला. रेकॉर्डिंग कसं सुरू करायचं, कसं थांबवायचं, दोनदा दाखवलं आणि निघालो. दारापर्यंत आल्या नाहीत. त्या बोलायला लागल्या होत्या.

आठवड्यानं विचारपूस केली. मशीन आता अर्ध्या मिनिटात सुरू होत होतं. मला वाटलं, खूश असतील. अक्का म्हणाल्या, "चांगलं शे. पन त्या बारा मिन्टं आते मी कोठे घालू?"

या उन्हाळ्यात अक्का गेल्या. सुरतेहून भाची आली होती. तिनं दुकानात फोन केला, मशीन पुसून कुणाला तरी देऊन टाका म्हणाली. पुसण्याआधी सगळ्याची प्रत काढून घेऊ का, असं मी विचारलं. तिला त्यात काही नको होतं. "तुम्हीच ठेवा," म्हणाली.

दुकान बंद असलेल्या एका दुपारी मी सुमनबाईंच्या नावाचा फोल्डर उघडला. सात फायली, सातही अक्कांच्या आवाजात. सुमनबाईंनी सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं होतं, मधलं हसणंसुद्धा. शेवटच्या फायलीत बोलणं अठरा मिनिटांत संपतं. फाईल मात्र पुढेही चालू राहते. अक्का म्हणतात, "मनं बठ्ठं सांगी झायं. आते तू सांग, सुमन."

त्यानंतर वीस मिनिटं फक्त पंख्याचा आवाज आहे. त्यांना थांबवायचं बटण येत होतं. मीच शिकवलं होतं.