तळ्याकाठचे चार खड्डे

हुणसेकट्टीच्या तळ्याला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यावर ईरभद्रप्पा बडिगेर एकतीस वर्षे मुकादम होता. घमेले, खडी आणि तापलेले डांबर हीच त्याची नित्योपासना. आपल्या वाट्याच्या अकरा किलोमीटरांत एकही खड्डा त्याने दिवाळीपलीकडे राहू दिला नाही. अपवाद एकच, तळ्याच्या बांधावरचे वळण. तेथले चार खड्डे त्याने बुद्ध्याच राखले होते. वळण अरुंद, उतार पाण्याकडे कललेला, कठड्याचा पत्ता नाही. खड्ड्यांपाशी आले की मुजोर ट्रकवालाही शिव्या हासडीत गाडी हळू करी, आणि त्या शिव्या ईरभद्रप्पा आशीर्वादासारख्या शिरोधार्य मानी. एकतीस वर्षांत तेथे कोणी दगावले नाही, एवढेच त्याचे पुण्यसंचित. तेही त्याने कधी उच्चारले नव्हते.

निवृत्तीस चार महिने उरले असता रस्त्यावर नवा डांबरी थर घालण्याचे ठरले. त्यासोबत तीन ठिकाणी वळण रुंद करणे, कठडा बांधणे अशी सुरक्षेची कामेही मंजूर झाली. ती ठिकाणे निवडण्यास अनुसूया हिरेमठ ही तरुण अभियंता आली. हाती पोलीस ठाण्यातली अपघातांची यादी होती.

“मॅडम, तळ्याचं वळण पहिलं घ्या.”

“अण्णा, तिथं साधं खरचटल्याचीसुद्धा नोंद नाही. बाजारच्या फाट्यावर सात मेलेत. मी वर काय सांगू?”

“अहो, ते खड्ड्यांमुळं! मीच ठेवलेत ते. डांबर पडलं की गाड्या सुसाट सुटणार.”

तिने हातातली यादी मिटली. “बोललात ते बोललात. परत कुणापुढं बोलू नका. पेन्शन घालवून बसाल.”

“जाऊ दे पेन्शन. लिहून देतो.”

त्याने खरोखरच लिहून दिले. वरून उत्तर आले: न घडलेल्या अपघातांचा विचार करता येत नाही, कर्तव्यात कसूर केल्याबद्दल मुकादमाचा खुलासा घ्यावा. बातमी गावात पसरली तेव्हा चहावाला रुद्रेश खदखदून हसला. “काय मुकादम, एवढी वर्षं आमचे मणके खिळखिळे केलेत, ते पुण्य मिळवायला होय?”

थर पडला. बायकांनी रोलरला हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला. वळण होते तसेच राहिले, फक्त आरशासारखे गुळगुळीत झाले. अकराव्या दिवशी बाजारातून परतणारे एक जोडपे मोटारसायकलसह तळ्यात गेले. त्यांच्या पिशवीतली विड्याची पाने दोन दिवस पाण्यावर तरंगत होती.

पंचनाम्याच्या वेळी अनुसूया आली. तिला मान वर करवेना.

“अण्णा, आता हे वळण यादीत बसेल.”

“कधी?”

“पुढचा थर पडेल तेव्हा. सात वर्षांनी.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ईरभद्रप्पा पहार घेऊन वळणावर गेला. जन्मभर ज्या हातांनी रस्ता सांधला, त्यांनीच तो फोडावयास घेतला. तीन घाव घातले. थरावर केवळ पांढरे ओरखडे उठले. एवढ्यात पाठीमागे भोंगा वाजला. तो कडेला सरला. भरधाव ट्रकातून चालकाने हात उंचावला.

“रस्ता झकास केलात, मुकादम!”