मेंबरबाई

मेंबर नसलेला भूशास्त्रज्ञ दिसला की बाईंच्या जिवाला चैन पडत नसे. उल्हासनगरच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर बदलापूरला, बेलवलीतल्या घरातून आमच्या भूशास्त्रज्ञ संघटनेची सदस्यनोंदणी सांभाळली. म्हणून त्या मेंबरबाई. एका विद्यार्थ्याच्या लग्नात अक्षता पडायच्या आधीच त्यांनी नवरदेवाची अर्जावर सही घेतली होती. "उद्यापासून हा प्रत्येक गोष्टीला 'घरी विचारून सांगतो' म्हणणार," असं त्यांचं म्हणणं.

संघटनेत पाच विभाग: तेल-खनिज, जीवाश्म, भूजल, भूकंप आणि बांधकाम. मेंबर झालं की विभाग निवडायचा. मी तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या माती तपासणाऱ्या लॅबमध्ये नुकताच लागलो होतो आणि डोक्यात दुबई होती. मी "तेल" म्हणालो. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"बदलापुरात तेल फक्त वडापाववाल्याकडे आहे. भूजलात जा. लोक दारी येतील."

गेलो. लोक आले. आज माझं घर बोअरवेलच्या कामांवर चालतं.

विभागांचं दुखणं एकच, बैठकीला माणसं जमत नसत. एखादं डोकं कमी पडलं की बाई त्या दिवसापुरत्या त्या विभागाच्या होत. सोमवारी जीवाश्मांवर बोलत, शुक्रवारी भूकंपावर ठराव मांडत. "बाई, तुम्ही नक्की कुठल्या?" असं विचारलं तर म्हणत, "जिथे खुर्ची रिकामी, तिथली."

एकदा अंबरनाथचे सावळाराम अर्ज घेऊन आले. तळहातावर नारळ ठेवून जमिनीतलं पाणी सांगणारे पाणाडी. भूजल विभागात खळबळ उडाली. बाईंनी मात्र त्यांची रीतसर मुलाखत घेतली.

"नारळ उभा राहिला की पाणी. आणि नाही राहिला तर?"

"तरी पानी असतंच, बाई. जरा खोल."

"आमची पदवीवाली मुलंही हेच सांगतात," बाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या. पण पदवी नाही म्हणून अर्ज नाकारला. नियमाला त्या पक्क्या. "व्याख्यानांना मात्र येत जा," असं वर सांगितलं. सावळाराम नेमाने येऊ लागले. नारळ तेवढा बाई बाहेर चपलांपाशी ठेवायला लावत.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. नोंदणीचं काम माझ्याकडे आलं आणि पहिलाच तंटा शोकसंदेशावरून झाला. पाचही विभागप्रमुख अडून बसले, बाई आमच्या. शेवटी मी म्हटलं, आपापला संदेश आपापल्या ग्रुपवर टाका. नाव कुणीच लिहिलं नाही, सगळ्यांनी नुसतं 'आपल्या बाई'. संध्याकाळी एकात ज्येष्ठ जीवाश्मतज्ज्ञ गेल्या, दुसऱ्यात भूजलाचा आधार गेला, तिसऱ्यात भूकंपाच्या गाढ्या अभ्यासक गेल्या.

विभाग अजून ठरला नाही म्हणून पाचही ग्रुपवर असलेल्या नागपूरच्या एका नव्या मेंबरचा फोन आला. त्याने बाईंना कधी पाहिलं नव्हतं. दबकत म्हणाला, "सर, फार वाईट झालं. पण नक्की किती बाई गेल्या?"

"पाच," मी म्हणालो.