पुतळ्याच्या हातावरचा माझा कोट

अमेरिकेत मी ज्या गावी एम.एस. केलं, तिथल्या चौकात एका सेनापतीचा ब्राँझचा पुतळा होता. सेनापती ताठ उभा. पायाशी, गुडघे टेकून, गुलामीतून सुटलेला एक काळा माणूस, एक हात वर उचललेला. आम्हा मराठी पोरांच्या लेखी ती फक्त बसची वाट पाहायची जागा होती.

गेल्या वर्षी तिथल्या म्युझियमने लोकांकडून त्या पुतळ्यासोबतचे जुने फोटो मागवले. एक तरुण काळी शिल्पकार तो पुतळा घडवणाऱ्या जुन्या शिल्पकाराचं काम नव्याने मांडणार होती. मी हौसेने फोटो पाठवला. त्यात मला माझे दाट केस तेवढे दिसले.

पिस्कॅटवेच्या घरून लेकीसोबत प्रदर्शनाला गेलो. त्या शिल्पकार तरुणीने जुन्याच साच्यांचे तुकडे नव्याने जोडून तो गुडघे टेकलेला माणूस पुन्हा ओतला होता, पण उभा. सेनापती नाही, चौथरा नाही. चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर. दोन वर्षं रोज त्याच्याशेजारी उभा राहिलो होतो, पण हा चेहरा मी पाहिलाच नव्हता.

मागच्या भिंतीवर माझा फोटो, दारापेक्षा मोठा केलेला. मी खदखदून हसतोय आणि माझा कोट त्या माणसाच्या उचललेल्या हातावर, खुंटीला टांगावा तसा.

शेजारी काठी टेकून एक वयस्कर काळ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला, मग मला. "हे तुम्हीच का?"

"नाही," मी म्हणालो.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, व्हाय डिड यू लाय?" आणि बाहेर निघून गेली.

मी काउंटरकडे निघालो. फोटो काढून टाका, असं सांगायला. वाटेत बाकावर त्याच बाई बसल्या होत्या. मी थांबलो. "तो मीच आहे," मी म्हणालो. "चुकलं माझं. तो फोटो काढून टाकायला सांगतो."

"कळलं होतं. कान तेच आहेत," त्या म्हणाल्या. "मी युनिव्हर्सिटीच्या किचनमध्ये कामाला होते. रोज त्या चौकातून मान खाली घालून जायचे. तो फोटो काढायला मात्र लावू नका. दिसू दे सगळ्यांना."

मी काउंटरवर गेलो नाही.

घरी येताना गाडी लेकीने चालवली.

पुढच्या आठवड्यात जुन्या मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी भिंतीवरचा तो फोटो टाकला. "यार, काय हिरो दिसतोयस!" खरं काय ते लिहायला घेतलं, दोन ओळी लिहिल्या, आणि पुसून टाकल्या.