दोनदा पेटवलेला राब

जायचं ठरवलं ते तिच्यासाठी. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी भाविक समजणार नाही.

शलोमी आमच्या पास्टरांची मुलगी. वर्षभरापूर्वी मी तिला मागणी घातली. कॉलेज मधेच सोडलेल्या, दर महिन्याला नोकरीवर भांडण करणाऱ्या मुलाला कोण हो म्हणेल? पास्टर नाही म्हणाले. पुढच्याच रविवारी, वाशिंदच्या आमच्या छोट्या मंडळीत उपासना चालू असताना मी उभा राहिलो आणि ओरडलो, "तुमचा देव तुमच्याच घरी ठेवा!" आणि निघून आलो. तेव्हापासून प्रार्थना बंद. जेवणाआधी आई डोळे मिटायला लागली की मी ताट घेऊन गॅलरीत जायचो.

मग कळलं, उपवासकाळात किन्हवलीच्या पुढे मुरबाडच्या अंगाला एका प्रार्थनाघरात तीन दिवसांची सभा आहे. पास्टर चालवणार, शलोमी पेटी वाजवणार. म्हटलं, सगळ्यांदेखत पश्चात्ताप करू. मग बघू कसे नाही म्हणतात.

निघताना आईनं शर्टाचा वास घेतला.

"कुणासाठी चाललास, सॅम?"

"देवासाठी."

"देवाला डिओ लागतो होय?"

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगून ठेवतो. वाशिंदहून हायवेनं आसनगाव, डावीकडे माहुलीचे सुळके, मग शहापूर. पेट्रोल आणि वडापाव इथेच उरकून घ्या. भातसेचा पूल ओलांडून शेणव्याला आलात की डोळखांबचा रस्ता वेगळा फुटतो, तिकडे वळू नका, किन्हवलीचा धरा. रस्ता बरा आहे, पण मधेच डांबर संपतं आणि खडी सुरू होते, तेव्हा वेगात असू नका. मी होतो. कोपर सोलपटलं. किन्हवलीत उसाचा रस प्यायलो, बर्फ भरपूर, रस कमी. पुढे नेटवर्क जातं. मार्चमध्येच ऊन असं की हेल्मेटमध्ये डोकं शिजतं. मोहाच्या फुलांचा वास मात्र सोबत असतो, गोड आणि जरा नासका.

प्रार्थनाघर म्हणजे कौलारू पडवी, बाजूला बोअरिंगचा हापसा आणि भातशेती. जागा बेंजादादा आणि मार्थाबाय या म्हाताऱ्या जोडप्याची. राहण्याचे पैसे घेत नाहीत. चादर आणि टॉर्च आपली न्या. दिवसभर उपवास, सूर्य मावळल्यावर नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि कांदा. दिवसभरच्या भुकेनंतर ते पिठलं काय लागतं ते लिहून सांगता येत नाही.

पास्टर दारातच भेटले. "सलाम, सॅम," एवढंच म्हणाले.

संध्याकाळच्या सभेत मी पुढे जाऊन गुडघ्यांवर पडलो आणि रडलो. खरोखर पाणी आलं, मलाच नवल वाटलं. मागून "आमेन, आमेन" चाललेलं. मी बोटांच्या फटीतून पेटीकडे बघितलं. ती भाता मारत होती, नजर खाली.

नंतर हापशावर गाठलं तिला.

"बघितलंस?"

"ऐकलं. छान जमतं तुला. बोटांतून बघत होतास तेही दिसलं."

"शलोमी, तुझ्यासाठीच..."

"तेच तर," ती म्हणाली. "माझ्यासाठी करू नकोस रे. माझं ठरलंय, नाशिकला. मे महिन्यात." बादली उचलली आणि गेली.

सकाळी बॅग भरली. डोकं असं तापलेलं की कुणाला तरी मारावंसं वाटत होतं. बाइकपाशी जातोय तर बेंजादादा शेतात वाकलेले. भाताचं रोप जिथे करायचं त्या तुकड्यावर त्यांनी शेण, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पाला आणि वर मातीचा पातळ थर रचला होता. हा राब. तो भाजला की जमिनीतलं तणाचं बी मरतं आणि रोप जोमानं येतं. थंडीपासून दोघांनी डोक्यावरून पाला आणून रचलेला.

"निघालास? जरा हात लाव, मंग जा," ते म्हणाले. "वारा बघून मी सांगतो, तवा पेटव."

मी कशाला थांबतोय! काडी ओढली आणि जवळच्या टोकाला लावली. आग भडकली आणि वाऱ्यासोबत सुसाट पलीकडच्या बांधापर्यंत गेली. माझ्या भुवया करपल्या. काय दिसत होती पण! पडवीतले लोक बाहेर आले. क्षणभर वाटलं, जगात एक तरी काम मला जमलं.

मार्थाबायनं पायाच्या अंगठ्यानं राख उकरली. खाली शेण ओलं, गवताचं बी जसंच्या तसं.

"अरे माज्या घाईच्या नवऱ्या! वारा येतो त्या बाजूनं लावलास! आग नुसती वरून पळाली. भुई कच्चीच राहिली ना."

"आता?"

"आता काय, भाताआदी गवत येल, आमाला हसंल."

बेंजादादा बांधावर बसले आणि राखेकडे बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून बोलून निघून गेलो असतो. चावी खिशातच होती.

"पाला कुठे मिळेल?" मी विचारलं.

"वर, डोंगराला. सोप्पा नाय रे, पोरा."

दिवसभर वर-खाली केलं. सागाचा, ऐनाचा वाळका पाला गोळा करायचा, भारा बांधायचा, उतरायचं, परत चढायचं. उपाशी पोटी. दुपारी मानेचं कातडं निघालं, तेव्हा शलोमीचा विचारही धड येईना. दमलेल्या माणसाला विरहसुद्धा परवडत नाही.

उन्हं कलताना बघतो तर पास्टरही डोक्यावर भारा घेऊन माझ्यामागे उतरत होते.

"काका, त्या रविवारी मी जे बोललो..."

"मला कशाला सांगतोस? मी होतो तिथे. सगळ्या मंडळीनं ऐकलं."

"मग कुणाला सांगू?"

"ज्याला माझ्याच घरी ठेवायला सांगितलंस, त्याला." भारा सरळ केला. "चल आता, मान मोडतेय माझी."

तिसऱ्या दिवशी सकाळी राब पुन्हा रचला. या वेळी बेंजादादांनी मूठभर माती उडवून वारा बघितला आणि मला पलीकडच्या टोकाला नेलं. तिथून लावली की आगीला वाऱ्याच्या उलट यावं लागतं. ती पळत नाही, सरपटते. ज्वाळा जवळपास नाहीच, नुसता धूर. बघायला कुणी आलं नाही. बांधापलीकडे जाऊ नये म्हणून ओली डहाळी घेऊन बाजूला बसायचं, एवढंच काम.

बसलो. पडवीत शेवटची सभा चालू होती, पेटी ऐकू येत होती. मी डोळे मिटले नाहीत, आगीवर लक्ष ठेवायचं होतं. रडूही आलं नाही. मनातच म्हटलं, देवा, तुला शिवी दिली ती मीच. परवा रडलो ते तिला दाखवायला. आता ती नाही, कॉलेज नाही, अंगात जोर नाही. उरलंय ते हे एवढंच. चालत असेल तर घे, मी परत आलोय.

धूर डोळ्यांत गेला, आग वीतभर पुढे सरकली. जरा वेळानं ध्यानात आलं, पेटीचा आवाज थांबलाय आणि पास्टरांची गाडी धूळ उडवत वळणापलीकडे गेलीय. मी उठून बघितलंसुद्धा नव्हतं.

मार्थाबायनं पुन्हा अंगठा घातला आणि झटकन मागे घेतला. "आई गं! भाजली बरं आता."

परतीचं काय सांगू? सरळगावला हायवे लागतो, कल्याणमार्गे यायचं असेल तर तो सोपा. मी आलो तसाच किन्हवलीवरून परतलो, सावकाश, खडीत पाय टेकत. अंगाचा प्रत्येक सांधा बोलत होता. ती अजून आठवते, नाशिकचं नाव निघालं की डोकं अजून तापतं. गेलेला माणूस आणि आलेला माणूस वेगळा असतो वगैरे मी लिहिणार नाही. जूनमध्ये तिकडे जाऊन बघायचंय, आधी भात येतो की गवत.

घरी पोचलो तेव्हा आईनं पुन्हा शर्ट हुंगला. "डिओ संपला वाटतं," म्हणाली. ताटं वाढली, समोर बसली आणि थांबली. मला आधी कळेना कशाला थांबलीय. मग कळलं. मी ताट घेऊन गॅलरीत जाईन, मग प्रार्थना करू, अशी तिला वर्षभराची सवय झाली होती.

भात निवत चालला. मी जागचा हललो नाही.

"कर ना," मी म्हटलं आणि डोळे मिटले.