प्रत्येकीचा वेगळा दिवा

"काका गेले, आता हे वाकडेतिकडे दिवे एका लायनीत करून टाक," सुपरवायझर सर नव्या वायरमनला सांगत होते. मी दोन टेबलं पलीकडे शर्टांचे सुटलेले धागे कापत होते. कात्री हातातच थांबली.

लोहाऱ्यातल्या आमच्या शिलाई कारखान्याचे वायरमन नामदेवकाका जाऊन तीन आठवडे झाले. घाटंजीहून रोज एसटीनं यायचे. त्या सोमवारी मात्र त्यांच्या मुलीचा फोन आला... झोपेतच गेले.

दोन वर्षांपूर्वी मी इथं लागले तेव्हा काळा माल आम्ही दुपारसाठी राखून ठेवायचो. तेव्हाच दारातून ऊन टेबलावर यायचं. एरवी छताच्या ट्यूबखाली काळ्या कापडावरचा काळा धागा दिसायचाच नाही. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे, कपाळ ठणकायचं. सरांनी समोर मोठा फोकस लावून पाहिला, त्यानं तर डोळेच दिपले. "साहेब, उजेड पोरीच्या डोयात नाही, कामावर पाह्यजे," काका म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वायर, पक्कड, स्टूल घेऊन हजर झाले.

काय दिवस होता तो! प्रत्येक टेबलाला खाली वळवलेला एक दिवा. काका एकेकीला कामाला बसवत, तिच्या हाताची सावली बघत आणि ती कापडावरून हटेपर्यंत दिवा सरकवत राहत. बटणं लावणारी शीलाताई ओरडलीच, "अवो काका, बटनाचे भोकं दिसून राह्यले ना!"

"मंग आता चुकली तं दिव्याले नावं नको ठेवू," काका म्हणाले. सगळा हॉल हसला.

तोवरचे सगळे दिवे डावीकडे होते. माझ्या टेबलाशीही त्यांनी दिवा डावीकडेच धरला. मी तशीच धागे कापायला लागले. इंग्रजी शाळेतून आलेली, त्यात गप्प, म्हणून बायका मला 'मॅडम' म्हणून चिडवतात. काकांनी माझ्या हातातली कात्री पाहिली आणि दिवा उजवीकडे नेला.

"डावखुरी हायेस नं? सांगत काहून नाही वो मॅडम?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच मी काळ्या शर्टांचा गठ्ठा ओढला. धागा न् धागा दिसत होता! नाचावंसं वाटलं मला.

...नवा वायरमन माझ्या टेबलाशी आला, दिव्याचा स्क्रू सैल करू लागला. शीलाताई सुई थांबवून माझ्याकडे बघत होती. मी कात्री खाली ठेवून उठले. मशिनं चालू होती, त्यामुळे ओरडावंच लागलं.

"सर, एका लायनीत नको! आधी आम्हाला काम करताना बघा, मग सांगा कुठला दिवा वाकडा आहे!"