गोळी लागू पडेना

थायरॉइडची गोळी मी रोज घेत होते, आणि ते कुणालाही खरं वाटत नव्हतं.

आम्ही शिरूरला राहायचो, पण दाखवायला दौंडला जायचो. शिरूरच्या दवाखान्यात कुणी ना कुणी ओळखीचं भेटणार आणि माझ्या लग्नाच्या वेळी हे दुखणं बाहेर फुटणार, अशी आईला धास्ती. दौंडला मामी होती. एसटीतून उतरले की ती मला डॉक्टरांकडे न्यायची आणि माझ्या वतीने सगळं बोलायची. मी तेवीस वर्षांची होते, तरी डॉक्टरांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

रक्तातला टीएसएच दर वेळी वाढलेलाच, म्हणजे गोळी पुरी पडत नव्हती. वर्षभरात तीनदा गोळीची ताकद वाढवून झाली. चौथा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला.

"खरं सांग, गोळ्या फेकून देतेस का?"

मामीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नाही म्हणून मान हलवली तीही खोटी वाटावी.

त्यानंतर रोज सकाळी आई समोर उभी राहून गोळी गिळायला लावू लागली. उपाशीपोटी, वर पाणी, तासभर चहा नाही. "जीभ वर कर बघू," म्हणायची. मी करायचे. रागापेक्षा अपमानच जास्त वाटायचा.

दोन महिन्यांनी रिपोर्ट तसाच आला. या खेपेला मामीबरोबर आईही होती. "डॉक्टर, माझ्या डोळ्यांदेखत घेते. एकही चुकलेली नाही." मला तिथंच अर्धं बरं वाटलं.

डॉक्टरांनी मागचे रिपोर्ट पुन्हा चाळले. मग म्हणाले, "पोटाचा काही त्रास?"

"छ्या! पोट एकदम बेस हाय," मामी म्हणाली. "दोन भाकरी खाती. काय बी न्हाई तिला."

डॉक्टरांपुढे ती माझी तब्येत अशी सांगायची, जणू समोर मुलाकडची माणसं बसलीत. पण छातीखाली वर्षभर जळजळ होती, ढेकर थांबत नसत, चार घास खाल्ले की पोट फुगायचं. हे त्या दोघींदेखत मराठीत सांगायची मला लाज वाटली. मी इंग्रजीत सांगून टाकलं, टेबलाकडे बघत, एका दमात.

"काय म्हंती?" मामीने आईला विचारलं. आईलाही कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथं तोंडातून नळी घालून तपासणी झाली. पोटात जंतू निघाले. गोळी नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं. या जंतूंमुळे आतलं अस्तर सुजलं होतं, आम्ल कमी पडत होतं आणि गोळी पुरती अंगी लागत नव्हती, असं डॉक्टरांनी समजावलं. दोन आठवडे अँटिबायोटिक घेतलं. तोंड नुसतं कडू. पण पुढच्या रिपोर्टात टीएसएच इतका खाली आला, की गोळीची ताकद कमी करावी लागली.

"म्हंजी पोरगी खरं बोलत हुती," मामी म्हणाली.

"हो. मीच उगाच बोललो तिला," डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले. मी उठायला लागले, पण मामी हलेना.

"डॉक्टरसाहेब, ही जळजळ, ढेकरा... मलाबी हाय. दोन वर्सं झाली."

"अहो, मग इतक्या वेळा आलात, एकदाही बोलला नाहीत?"

"मला कोण इचारतंय?"

मी परत खुर्चीत बसले. "सांग मामी, सगळं सांग," मी म्हटलं. "मी मध्ये बोलणार नाही."